प्रश्न एकोणीस

१४ नोव्हेंबर

आज बान सरांनी, म्हणजे आमच्या उपमुख्याध्यापकांनी, खोलीत बोलावलं आणि स्वतःच्या हाताने कॉफीची पुडी फोडली. तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी गळ्यात पडणार.

“प्यो बाई, या खेपेला बरोबरी नको हं.”

“बरोबरी मी करते का सर? मुलं करतात.”

“ते झालंच. पण असा एखादा प्रश्न टाका की दोघांतलं एक तरी घसरेल.”

दोघं म्हणजे ओक दाब्योल आणि गिल थेग्योम. खाण बंद पडल्यापासून थेबेकमधून रोज एखादं बिऱ्हाड हलतंय. आमच्या अकरावीत आता सव्वीस मुलं उरलीत. सव्विसांत पहिली श्रेणी एकालाच मिळते. दोघं बरोबरीने पहिले आले तर दोघांनाही दुसरी, पहिली कुणालाच नाही. मागच्या सत्रात हेच झालं. दोघांना शंभरपैकी शंभर, आणि दोघांच्या नावापुढे ‘दोन’. थेग्योमची आई शाळेत येऊन काय काय बोलून गेली! दाब्योलकडून कुणी आलं नाही. तिला आजोबा आहेत फक्त, आणि त्यांना श्रेणी म्हणजे काय हेच माहीत नसणार.

म्हणजे मी चांगलं शिकवलं, हीच माझी चूक. आता सापळा लावायचा आणि दोन गुणी पोरांपैकी कुणाचा पाय अडकतो ते बघत बसायचं. तेहेतीस वर्षं खडू झिजवून हे दिवस. फेब्रुवारीअखेर सुटले एकदाची.

१९ नोव्हेंबर

प्रश्न सुचला. एकोणिसावा.

आमच्या भाषेत ‘थंड’, ‘कोरडा’, ‘शांत’ हे शब्द क्रियापदासारखेच चालतात, त्यामुळे आमच्या पोरांना विशेषण कुठे संपतं आणि क्रियापद कुठे सुरू होतं ते इंग्रजीत कळतच नाही. ‘ड्राय अप’ म्हटलं की ड्राय म्हणजे कोरडा, झालं विशेषण! म्हणून मी पहिल्या वर्षीच एक युक्ती काढली: मागे अप, डाउन असं शेपूट दिसलं की ते क्रियापद. ‘शेपूट दिसलं की?’ असं मी विचारते आणि अख्खा वर्ग ओरडतो, ‘क्रियापद!’ किती पिढ्या ओरडल्या. बाजारात मासे विकणारी बाईसुद्धा मला बघून अजून ओरडते.

तर प्रश्न असा. पाच वाक्यं. चारांत शब्द क्रियापद, एकात विशेषण, ते ओळखा. वॉर्म अप, ड्राय अप, स्लो डाउन, कूल डाउन ही खरी क्रियापदं. आणि पाचवं, ‘द रोड इज क्लिअर अप टू द ब्रिज’. पुलापर्यंत रस्ता मोकळा. इथे शेपूट आहे, पण ते पुलाचं आहे, मोकळ्याचं नाही. घोकणारा फसेल, वाचणारा तरेल. मलाच माझं कौतुक वाटलं. म्हातारी झाले तरी डोकं शाबूत आहे म्हणायचं.

‘कूल डाउन’चं वाक्य मी आमच्या बाबांवर केलं. ‘मेन कूल डाउन इन द पिट’. बाबा म्हणायचे, घरी कितीही भांडण झालेलं असो, खाणीत खाली उतरलं की माणूस थंड होतो. त्यांच्या छातीत धूळ भरली ती तिथेच, पण खाणीला त्यांनी कधी नावं ठेवली नाहीत.

२४ नोव्हेंबर, रविवार

वर्षाची किमची घातली. यंदा चाळीसच कोबी, खाणारी मी एकटी. मेंग हेवन आली होती मदतीला. ती कराराची शिक्षिका, दर फेब्रुवारीत नवा करार. अकरावीच्या इंग्रजीला आम्ही दोघीच, म्हणून पेपर दोघींनी मिळून काढायचा आणि दोघींचे शिक्के मारायचे असा नियम. मी काही ये म्हटलं नव्हतं, नुसतं म्हटलं की रविवारी माझा कोबीचा घाट आहे. आली बिचारी सकाळी आठलाच.

मिठाच्या पाण्यात कोपरापर्यंत हात बुडवून म्हणाली, “बाई, रागावणार नसाल तर एक विचारू?”

“रागावण्यासारखं असेल तर रागावणारच. विचार.”

“ते शेपटाचं... मुलांना आपण नेहमीच लागू पडतं असं सांगतो. पडत नाही ना नेहमी.”

“तेच तर एकोणिसाव्यात घातलंय मी! तुला काय वाटलं, मला माहीत नाही?”

“नाही नाही, तसं नाही. प्रश्न छानच आहे. पाचही वाक्यं मी तपासली, एकच उत्तर येतं.” आणि हात पुसून तिने पेपरावर शिक्का मारला. मसाल्याचं एक बोट लागलंच कोपऱ्यात.

जाताना तिला किमचीचा डबा भरून दिला. पोरगी हुशार आहे, फक्त कणा जरा मऊ आहे. माझ्यासमोर तर अगदीच.

२९ नोव्हेंबर

पेपर छापायला गेला. शेवटच्या क्षणी बाबांचं वाक्य पुन्हा वाचलं आणि खटकलं. खाणीत उतरल्यावर थंड होतात, म्हणजे आधी तापट होते की काय? बाबा मुळात थंडच होते. म्हणून एक शब्द वाढवला, ‘कीप’. ‘मेन कीप कूल डाउन इन द पिट’. आता कसं भारदस्त वाटतं. मेंगला फोन लावणार होते, पण ती वर्गावर होती आणि छापखान्याचा माणूस दारात उभा.

निवृत्तांच्या पदकाचा अर्जही आजच भरला. तेहेतीस वर्षं, नोंदीवर एकही ताकीद नाही. बान सर म्हणाले, कोरी पाटी आहे तुमची, नाव नक्की जाणार. पदक मिळालं की पहिल्यांदा डोंगरावर बाबांच्या थडग्याशी जाईन. लेक शिकली त्याचं त्यांना काय अप्रूप होतं!

९ डिसेंबर

परीक्षा झाली. मेंग पर्यवेक्षणावरून आली ती पांढरीफटक.

“बाई, हा ‘कीप’ कुठून आला?”

“मी घातला. वाक्य लंगडं वाटत होतं.”

“अहो, मग ते ‘थंड राहतात’ झालं ना! डाउन आता खाणीचं झालं, खाली खाणीत. ‘कूल’ विशेषण झालं. म्हणजे दोन उत्तरं आली, बाई.”

मी पेपर हातात घेतला. वाचला. पुन्हा वाचला. माझ्या डोळ्यांना ‘कूल डाउन’ चिकटलेलंच दिसत होतं, आणि मग एकदम सुटं दिसलं. रस्त्याचं शेपूट पुलाचं आहे हे मला दिसलं, आणि माझ्या बापाच्या वाक्यातलं दिसलं नाही.

ती म्हणाली, “आजच बान सरांना सांगू या. दोन्ही उत्तरं बरोबर धरली की झालं.”

“झालं काय? चूक कबूल करायची म्हणजे ताकीद. दोघींना. शिक्का तुझाही आहे.”

“पण मी ते वाक्य बघितलंच नव्हतं.”

“ते मला माहीत आहे गं. कागदाला कुठे माहीत आहे?” तिचा चेहरा इतका उतरला की मलाच वाईट वाटलं. म्हणून पाठीवर हात ठेवून म्हटलं, “तू काळजी करू नकोस. पुढच्या वर्षीच्या कराराला अभिप्राय माझाच जातो. मी आहे ना.”

तिने पेपराची घडी घालून खिशात ठेवली. धीर आला असावा.

१२ डिसेंबर

निकाल लावला. थेग्योम शंभर. दाब्योल शहाण्णव, फक्त एकोणीस चुकला. तिने खाणीचं वाक्य निवडलं. थेग्योमने पुलाचं.

देवा. दोघांनीही वाचलं होतं. एकही घोकणारा नव्हता. मी एका बरोबर उत्तराला फुली मारून दोघांत फरक केला.

निकालावर हरकत घ्यायला मुलांना तीन दिवस आहेत. ते तीन दिवस निघाले म्हणजे झालं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

१३ डिसेंबर

मूठ काही झाकली राहिली नाही. दाब्योलने हरकतीचा कागद दिला. बान सरांनी तो दोन बोटांत धरून माझ्यापुढे ठेवला.

“हे बघा बाई, मला इंग्रजीतलं ओ की ठो कळत नाही. तुम्ही म्हणाल ते खरं. दोन्ही उत्तरं बरोबर धरली तर काय होतं, ते मात्र कळतं. पुन्हा बरोबरी. थेग्योमची पहिली जाते आणि पोरीला तरीही दुसरीच राहते. कुणाचंच भलं नाही. शिवाय तुमचं पदक, मेंग बाईंचा करार. आता सांगा, प्रश्न बरोबर आहे की चूक?”

इतकं सगळं सांगून झाल्यावर विचारतात, बरोबर की चूक!

“बरोबर आहे,” मी म्हटलं.

“मग तिला तुम्हीच समजावा.”

शेवटच्या तासानंतर ती आली. कोट जुना, बाह्या आखूड झालेल्या, हातात वही. दोन्ही हातांनी वही पुढे केली.

“बाई, मला गुण नकोत. थेग्योमची श्रेणी जाईल ते मला ठाऊक आहे. माझं उत्तर बरोबर होतं का, एवढंच सांगा.”

“मग गुण नकोत तर कशाला विचारतेस?”

“मला तुमच्यासारखं इंग्रजी शिकवायचंय ना. पुढे मुलांना चुकीचं सांगायला नको.”

आता या पोरीला काय म्हणावं! मी वही घेतली, लाल पेन काढलं आणि ‘कूल डाउन’ला गोल केला. “शेपूट आहे ना? मग क्रियापद. तुझं चुकलं.” आवाज अगदी नेहमीचा होता माझा.

ती वहीकडे बघतच नव्हती. माझ्याकडे बघत होती, बराच वेळ. मग म्हणाली, “बाई, पाणी आणू का तुम्हाला?”

“कशाला? काही नको.”

“बरं. मग चुकलंच माझं. धन्यवाद, बाई.” कमरेत वाकली आणि गेली.

पोर समंजस आहे, लगेच पटलं तिला. उगीच मी सकाळपासून धास्ती घेतली. तरी जेवण गेलं नाही.

१६ डिसेंबर

हरकतीची मुदत संपली. सुंठीवाचून खोकला गेला. थेग्योमच्या आईने शिक्षकांच्या खोलीत संत्र्यांची पेटी पाठवली. सगळ्यांनी खाल्ली. मेंग म्हणाली, मला आंबट चालत नाही. मागच्याच महिन्यात माझ्या घरी लिंबाच्या सरबताचे दोन पेले प्यायली होती.

दाब्योलबद्दल मी खूप विचार केला. तिचं नुकसान काहीच नाही. बरोबरी झाली असती तरी दुसरी, आता तरी दुसरीच. उलट एका मुलाचं भलं झालं. हिशेब कुठूनही मांडला तरी हेच येतं. मग मी रोज तो पुन्हा पुन्हा का मांडतेय?

२० डिसेंबर

वर्गात आज ‘शेपूट दिसलं की?’ असं सवयीने विचारलं. चोवीस जणं ओरडली, ‘क्रियापद!’ थेग्योम बेंचवर रेघा ओढत होता. दाब्योल खिडकीबाहेर बर्फ बघत होती. दोघांचीही तोंडं मिटलेली.

मी पुढे सुट्टीचा अभ्यास सांगायला लागले.

८ जानेवारी

सुट्टीत शाळेत काही कागद आणायला गेले तर मेंगचं टेबल रिकामं. धूळसुद्धा पुसलेली. शिपाई म्हणाला, काल येऊन सामान घेऊन गेल्या, पुढच्या वर्षीचा अर्ज भरलाच नाही.

मी तर किती चांगला अभिप्राय लिहून ठेवला होता! ‘प्रामाणिक, सहकार्यशील, वरिष्ठांचा मान राखणारी.’ फोन केला. म्हणाली, आईकडे ग्यंगसानला चालले, तिथे शिकवणी घेईन.

“अगं, पण न सांगता? मी काय वाईट केलं तुझं?”

“काही नाही बाई. तुमचा डबा धुऊन टेबलाच्या खणात ठेवलाय.”

“डब्याचं विचारतंय कोण?”

मग म्हणाली, “त्या दिवशी मी एकटीने सरांकडे जायला हवं होतं. गेले नाही. ते तुमच्यावर नाही, माझ्यावर आहे.” आणि फोन ठेवला.

आजकालच्या पोरींना कृतज्ञता म्हणून नाही. हे लिहिलं आणि खोडावंसं वाटतंय. राहू दे.

७ फेब्रुवारी

पदकाच्या यादीत माझं नाव आलं. बान सरांनी फोनवर अभिनंदन केलं. बहिणीने पण केला फोन वोन्जूहून, म्हणाली, समारंभाला नवा हानबोक शिव. रंग विचारत होती, गुलाबी की निळा. मी म्हटलं, तूच ठरव.

संध्याकाळी बटाट्याच्या गोळ्यांचं सूप केलं. बाबांना आवडायचं. त्यांच्या फोटोपुढे वाटी ठेवली आणि यादी वाचून दाखवणार होते. वाचली नाही. सूप गार झालं ते तसंच ओतून दिलं.

२७ फेब्रुवारी

निरोप समारंभ उद्या, पण आजचं आजच लिहून ठेवते.

टेबल आवरायला गेले होते. शेजारच्या टेबलावर बारावीत जाणाऱ्या मुलांचे अर्ज पडले होते, पुढे काय व्हायचंय ते लिहिलेले. वाचू नयेत दुसऱ्यांचे कागद, पण वाचले. थेग्योम, वैद्यकीय. दाब्योलच्या अर्जावर ‘इंग्रजीची शिक्षिका’ हे छापील अक्षरासारखं सुंदर लिहिलेलं आणि त्यावर पट्टीने मारलेली रेघ. खाली, ‘रेडिओलॉजी तंत्रज्ञ’.

अर्ज तसाच ठेवून मी तिला शोधायला गेले. ती ग्रंथालयात पुस्तकं लावत होती. मी दारातूनच हाक मारली आणि आत जाऊन तिच्यासमोर उभी राहिले. बसले नाही. तेहेतीस वर्षांत विद्यार्थ्यासमोर अशी उभी राहिले नव्हते.

“दाब्योल, एकोणिसावा प्रश्न. तुझं उत्तर बरोबर होतं. मी खोटं बोलले.”

तिने हातातलं पुस्तक फळीवर नीट लावलं. “हो बाई.”

“हो काय? कळलं तुला कधी?”

“त्याच दिवशी. त्याच्याही आधी. आजोबांनी सांगितलं होतं ना, खाली खाणीत माणसं कशी थंड डोक्याने राहतात ते. मी वाक्य वाचलं आणि तेच आठवलं. मला वाटलं, बाईंनी मुद्दाम आमच्यासारख्यांसाठी घातलंय.”

“मग... मग चुकलं म्हणून का कबूल केलंस? धन्यवाद का म्हणालीस?”

“तुम्ही पेन फार दाबलंत बाई. गोल काढताना कागद फाटला. मला वाटलं, आता पुढे काही बोलले तर तुम्ही रडाल.”

माझा आवाज नेहमीचा होता, असं मी लिहून ठेवलंय. वर आहे ते.

“आणि शिक्षिका व्हायचं का खोडलंस? माझ्यावरच्या रागाने?”

“राग नाही हो.” तिने खरंच विचार केला, कपाळाला आठी घालून, गणित सोडवावं तसा. “तुम्ही आमच्या शाळेतल्या सगळ्यात चांगल्या बाई आहात. तुमच्यावर ही वेळ येते, तर माझ्यावर येईलच ना. मी पण घाबरेन. मग माझ्यासमोर कुणीतरी वही घेऊन उभं असेल.” मग हलकेच म्हणाली, “यंत्रासमोर बरं. हाड मोडलंय की नाही, ते दिसतंच.”

“मी आत्ता जाते बान सरांकडे. वर्षाच्या नोंदी आज पाचला कायमच्या बंद होतात. अजून तास आहे. सगळं सांगते.”

“आणि थेग्योम?”

“त्याचं बघू.”

“तो मला डिसेंबरमध्येच म्हणाला होता, तू बरोबर होतीस म्हणून. सरांकडे जातो म्हणत होता. त्याच्या आईने जाऊ दिलं नाही. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही, लाजतो.” तिने घड्याळाकडे पाहिलं. “बाई, माझी बस आहे चार-दहाची. आजोबांना दवाखान्यात न्यायचंय. तुम्ही ठरवा ना. मला नका ठरवायला लावू.”

कमरेत वाकली, पिशवी घेतली आणि गेली.

बान सरांची खोली ग्रंथालयाच्या समोरच. दाराच्या काचेतून त्यांचं टक्कल दिसत होतं. मी जे सांगायचं ते वाक्य मनात जुळवलं. चांगलं जुळलं होतं. मग वाटलं, आधी दाब्योलच्या राहिलेल्या पुस्तकांची रांग लावून घेऊ. लावली. मग खालची फळी. मग वरची. सगळी पुस्तकं क्रमाने लावून झाली आणि घड्याळ बघितलं तर पाच वाजून दोन मिनिटं झाली होती. बान सर कोट चढवून बाहेर आले, मला बघून म्हणाले, “अहो प्यो बाई, निरोपाच्या आदल्या दिवशीसुद्धा काम? आमचं भाग्य, अशी माणसं मिळाली.”

मी हसले.